मेलनेशियाचे जुने फोटो : खालची ओळ झाकून बघा

सागरगोटा

न्यू गिनी, सॉलोमन बेटं, वानुआतू, न्यू कॅलेडोनिया, फिजी आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळची टोरेस सामुद्रधुनी, या सगळ्या मेलनेशिया नावाच्या पट्ट्यातले १८७० ते १९३० च्या दरम्यानचे असंख्य फोटो आता संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर घरबसल्या बघता येतात. मला त्यांचं वेड लागलंय. पण एक गोष्ट इतकी खुपते, की इथे मांडल्याशिवाय राहवत नाही.

खुपतं ते फोटोखालचं वाक्य. ‘पापुआचा योद्धा’, ‘नरभक्षकांचं गाव’, ‘रानातली सुंदरी’, असल्या धर्तीचं. माणसाचं नाव नाही, कित्येकदा गावाचंही नाही. आपण आधी ती ओळ वाचतो आणि मग फोटो बघतो, त्यामुळे काय दिसणार ते आधीच ठरून जातं.

हे ठरवून ठेवणं कॅमेऱ्याच्याही आधीचं आहे. ड्यूमाँ द्युरव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचा पॅसिफिकच्या विभागणीवरचा निबंध १८३२ साली छापला गेला. त्यात त्यानं नुसता नकाशा नाही आखला, माणसांची उतरंड लावली. पॉलिनेशियाचे, म्हणजे पूर्वेकडच्या बेटांवरचे, लोक वर, मेलनेशियाचे काळे लोक खाली. पुढे तिकडे गेलेल्या बहुतेक चित्रकारांच्या आणि फोटोग्राफरांच्या डोक्यात ही उतरंड होतीच.

एक उदाहरण घेते. जॉन विल्यम लिंट हा जर्मनीत जन्मलेला, मेलबर्नला स्टुडिओ असलेला फोटोग्राफर. १८८५ मध्ये ब्रिटिशांचे प्रतिनिधी सर पीटर स्क्रॅचली यांच्या मोहिमेबरोबर तो न्यू गिनीला गेला आणि १८८७ मध्ये त्याचं ‘पिक्चरेस्क न्यू गिनी’ हे पुस्तक निघालं. त्याआधी १८७० च्या दशकात त्यानं ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावी स्टुडिओत रंगवलेला पडदा लावून, पुढे झाडंझुडपं आणि हत्यारं मांडून आदिवासींचे फोटो काढले होते. हात कसलेला होता. प्रकाश, मांडणी, सगळं देखणं. न्यू गिनीतही तो ‘चित्रासारखं’ काय दिसेल ते शोधत गेला.

पण पोर्ट मोर्सबीच्या किनाऱ्यावरच्या लाकातोईचा त्या काळातला फोटो ओळ झाकून बघा. लाकातोई म्हणजे ओंडके कोरून केलेल्या लांबलचक होड्या शेजारी शेजारी बांधून केलेलं गलबत. वर खेकड्याच्या नांगीच्या आकाराची चटईची शिडं. हे कशासाठी? तर मोटू लोकांच्या ‘हिरी’ नावाच्या व्यापारी सफरीसाठी. गावातल्या बायका वर्षभर मडकी घडवायच्या. आग्नेयेचा वारा सरत आला की पुरुष ती हजारो मडकी गवतात गुंडाळून पश्चिमेला पापुआच्या आखाताकडे न्यायचे. तिकडे त्यांच्या बदल्यात सागो घ्यायचे, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या खोडातलं पीठ (आपला साबुदाणा टॅपिओकाचा, हा अस्सल). आखातात मोठाली झाडं मिळत, म्हणून परतीसाठी गलबताला नवी खोडं जोडायची आणि वायव्येचा वारा सुटला की माल भरून घरी. नारळी पौर्णिमेनंतर वाऱ्याकडे बघून होडी लोटणाऱ्या आपल्या कोळ्याला हे वेळापत्रक समजावून सांगावं लागणार नाही. दोन वेगळ्या भाषांचे लोक, ठरलेले व्यापारी मित्र, व्यवहारापुरती तयार झालेली खास बोली. एवढं सगळं त्या एका फोटोत आहे आणि ओळ म्हणते, ‘निसर्गरम्य’.

दुसरं उदाहरण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. १८९८ मध्ये केंब्रिजचे आल्फ्रेड हॅडन टोरेस सामुद्रधुनीत मोहीम घेऊन गेले. बरोबर रिव्हर्स, सेलिगमन, मायर्स, मॅकडूगल, भाषांचे अभ्यासक सिडनी रे आणि तरुण अँथनी विल्किन. मेर बेटावर त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर गाणी घेतली आणि चलच्चित्रं काढली. त्यातली जेमतेम चार मिनिटं आज उरली आहेत. त्यात मालो-बोमाई या पवित्र विधीचा नाच आहे. मिशनऱ्यांनी तो विधी बंद पाडलेला होता आणि कासवाच्या कवचाचे मूळ मुखवटे राहिले नव्हते. मग हॅडननी विनंती केली आणि बेटावरच्या माणसांनी पुठ्ठ्याचे मुखवटे करून दिले. ते चलच्चित्र नीट बघा. मुखवटा पुठ्ठ्याचा असला तरी नाचणाऱ्यांचे पाय शिकलेले आहेत, गुडघ्यातला वाक, एकामागोमाग एक वळणं. याला कुणी ‘बनावट’ म्हणतं, पण मला ते पटत नाही. ज्यांना विधी करायला मनाई होती, त्यांनी कॅमेऱ्याच्या निमित्तानं तो आणखी एकदा उभा केला, असं मी वाचते.

तुम्ही असे फोटो बघितले असतील तर लिहा. वेगळं मत असलं तरी लिहाच.

शंतनू_७२

धागा आवडला, पण एक शंका. मुंडकी कापून आणणं, माणूस खाणं हे काही बेटांवर होतंच ना? फिजीत १८६७ मध्ये थॉमस बेकर या मिशनऱ्याला मारून खाल्लं, हे गावाच्या वंशजांनीही मान्य केलंय. २००३ मध्ये त्यांनी बेकरच्या घराण्याची विधीपूर्वक माफी मागितली. मग फोटोखाली ‘नरभक्षक’ लिहिणाऱ्याला सरसकट खोटं का म्हणायचं? वसाहतवाल्यांना शिव्या देताना आपण उलट्या बाजूची रंगसफेदी करत नाही ना, एवढंच विचारायचंय.

सागरगोटा

शंतनू, प्रश्न रास्त आहे. होतं, काही ठिकाणी होतं. सॉलोमनमधल्या रोव्हियाना भागात मुंडक्यांसाठी मोहिमा निघत, यात दुमत नाही. पण तिथेच थांबलं तर अर्धीच गोष्ट हाती येते. व्यापाऱ्यांकडून लोखंडी कुऱ्हाडी आणि बंदुका आल्यावर या मोहिमा जास्त दूरवर आणि जास्त घातक होत गेल्या, असं अनेक अभ्यासक सांगतात. १८९१ मध्ये ‘रॉयलिस्ट’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या कॅप्टन डेव्हिसनं शिक्षा म्हणून रोव्हियानाची गावं जाळली आणि तिथल्या वस्तू गोळा करून नेल्या. त्या वस्तू पुढे संग्रहालयांत काचेमागे आल्या.

आणि याच काळात मजूर पळवणारी जहाजं बेटाबेटांवर फिरत होती. १८७१ मध्ये ‘कार्ल’ नावाच्या जहाजावर तळघरात कोंडलेल्या बेटवासीयांनी उठाव केला, तेव्हा वरून गोळ्या झाडल्या आणि सुमारे ७० जणांना, त्यात जिवंत जखमीही होते, समुद्रात फेकलं. ‘क्रूर माणसांचं जहाज’ अशा ओळीखाली त्या खलाशांची पोस्टकार्डं कधी छापली गेली नाहीत. कुणाच्या हिंसेचं चित्र छापलं जातं आणि कुणाच्या हिंसेचं नाही, माझा मुद्दा तेवढाच आहे.

शिवाय संख्येचाही प्रश्न येतोच. ज्या माणसाच्या हयातीत गावात असं काही घडलंही नाही, त्याच्याखालीसुद्धा तोच शब्द चिकटवला जायचा, कारण पोस्टकार्ड खपायचं.

तांबट

मी पक्षी बघणारा, म्हणून त्या बाजूनं लिहितो. निसर्गाचंही हेच झालं. १५२२ मध्ये मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलेलं जहाज परत आलं, त्याबरोबर बर्ड ऑफ पॅरडाइजची कातडी युरोपात पोचली. व्यापारासाठी कातडी सोलताना पाय काढून टाकायची पद्धत होती. युरोपात समजूत झाली, की या पक्ष्याला पायच नसतात, तो आयुष्यभर हवेत तरंगतो. १७५८ मध्ये लिनियसनं एका जातीला ‘अपोडा’, म्हणजे बिनपायाचा, असं नाव दिलं. ते आजही तसंच आहे. सोलणाऱ्या माणसाला विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं.

इटालियन लुइजी दाल्बेर्तिसचं तर वाचवत नाही. १८७६-७७ मध्ये तो ‘नेवा’ नावाच्या वाफेच्या होडीतून फ्लाय नदीत वर गेला. गावं दिसली की आतषबाजी आणि सुरुंग उडवून लोकांना पळवून लावायचा. रिकाम्या घरांत शिरून हत्यारं, दागिने, पूर्वजांच्या कवट्या उचलायचा. पक्षी आणि वनस्पतीही त्याच पोत्यात. आणि हे सगळं त्यानं स्वतः पुस्तकात लिहून ठेवलंय, काही लपवल्यासारखं नाही.

त्याच्या संग्रहातून शास्त्राला कळलेला लालसर पिसांचा राज्जियाना बर्ड ऑफ पॅरडाइज आज पापुआ न्यू गिनीच्या झेंड्यावर आहे. १९७१ मध्ये सुसान करिके या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीनं तो झेंडा काढला. डोंगराळ भागात सणाला पुरुष डोक्यावर जी पिसं लावतात त्यातली प्रमुख पिसं याच कुळातली. त्यांच्या दृष्टीनं हा पक्षी कुणी ‘शोधायचा’ बाकी नव्हताच.

ऊसकरी

सागरगोटाताई, मी कोल्हापूरकडचा, ऊस लावणारा. तुमच्या धाग्यात माझं काय काम असं वाटेल, पण आहे.

गोड, जाड, रसाळ ऊस माणसानं पहिल्यांदा कुठे लावला? न्यू गिनीत. रानटी जातींतून कांडी निवडत निवडत तिथल्या लोकांनी तो घडवला, काही हजार वर्षांपूर्वी. तिथून तो बेटाबेटांनी आशियात पसरला. आपल्याकडचा जुना पुंड्या ऊस त्याच घराण्यातला. पुढे १९१२ मध्ये कोइम्बतूरला ऊस पैदास केंद्र निघालं आणि तिथे अशा जाड उसाचा संकर आपल्या रानटी काश गवताशी करून १९१८ मध्ये को २०५ ही जात दिली. आज आपण को ८६०३२ लावतो, फुले २६५ लावतो. त्या प्रत्येक कांडीत न्यू गिनीच्या त्या परसबागांचा अंश आहे.

आता ‘घनदाट, माणसाचा हात न लागलेलं जंगल’ हे वर्णन बघा. १९३० पर्यंत गोऱ्यांची समजूत होती, की न्यू गिनीच्या मधल्या डोंगरात वस्ती नसावी. सोनं शोधत लेहीभाऊ वर गेले तर समोर दऱ्याच्या दऱ्या भरून शेती, चर खणलेले, वाफे आखलेले, लाखो माणसं. तिथल्याच कुक नावाच्या दलदलीत १९७० च्या दशकात उत्खनन झालं. किमान ७ हजार वर्षांपासून चर काढून जमीन कसत होते, असं निघालं. युनेस्कोनं २००८ मध्ये ती जागा जागतिक वारशात घेतली. पाणथळ रानात चर काढून निचरा करणं म्हणजे काय कष्ट, ते मला विचारा.

१९२८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं ब्रँड्स नावाच्या शास्त्रज्ञाला विमान देऊन न्यू गिनीला पाठवलं, रोगाला तोंड देणारा ऊस शोधायला. गावोगावच्या बागांतून कांड्या गोळा केल्या. परत येऊन नॅशनल जिऑग्राफिकमध्ये जो लेख आला, त्याच्या नावात पापुआला ‘आदिम’ म्हटलंय. ज्यांच्या बागेतून बेणं न्यायला विमानानं आलात, त्यांच्यातल्या एखाद्या बागाईतदाराचं तरी नाव मथळ्यात घालायचं होतं. मनापासून वाईट वाटतं.

मेघना_ब्रिस्बेन

ऊसकरीदादा, तुमच्या पोस्टला पुढचा भाग इथून जोडते.

त्याच लोकांना उसासाठीच इथे आणलं गेलं. १८६३ ते १९०४ या काळात क्वीन्सलंडच्या मळ्यांत सुमारे ६२ हजार करारांवर बेटवासी मजूर आले, बहुतेक आजच्या वानुआतू आणि सॉलोमनमधून. काही स्वतःहून, काही फसवून, काही पळवून. मग १९०१ मध्ये कायदा करून त्यांना परत धाडायचं ठरलं, कारण ऑस्ट्रेलिया ‘गोरा’ हवा होता. जे राहिले त्यांच्या वंशजांना स्वतंत्र समाज म्हणून सरकारी मान्यता मिळायला १९९४ उजाडलं. मॅकायच्या एका कार्यक्रमात एक आजी भेटल्या. उसाच्या फडात रांगेत उभ्या मजुरांचा जुना फोटो होता, खाली फक्त ‘कनाका’ (बेटवासी मजुरांना तेव्हा म्हणत तो शब्द) लिहिलेलं. आजींनी बोट ठेवून डावीकडून तिसऱ्या माणसाचं नाव, बेट आणि त्याला किती मुलं झाली ते सांगितलं. शेजारी नातू वहीत उतरवून घेत होता.

आणि सागरगोटा, मेरचं पुढे काय झालं ते लिहायला हवं. १९८२ मध्ये एडी माबो आणि मेरच्याच आणखी चौघांनी खटला घातला, की ही जमीन आमची आहे, ब्रिटिश येण्याआधीपासून. सरकारची भूमिका अशी, की ब्रिटिशांनी बेट ताब्यात घेतलं तेव्हाच सगळी जमीन राजसत्तेच्या मालकीची झाली. साक्षीपुराव्यात हॅडनच्या मोहिमेचे अहवाल आले. रिव्हर्सनी घराघरांत बसून घेतलेल्या वंशावळी, विल्किननी नोंदवलेली जमिनीची मालकी. आणि बेटावरच्या लोकांनी साक्षीत सांगितला तो मालोचा कायदा : दुसऱ्याच्या जमिनीला हात लावू नको, आपल्या वाटेनं चाल. म्हणजे पुठ्ठ्याचे मुखवटे घालून ज्या मालोचा नाच केला, त्याच मालोचा. ३ जून १९९२ ला सर्वोच्च न्यायपीठानं मेरच्या लोकांच्या बाजूनं निकाल दिला. माबो त्याच वर्षी जानेवारीत गेले, निकाल त्यांना बघता आला नाही.

म्हणून हे फोटो, अहवाल टाकून द्या असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते त्या माणसांच्या उपयोगाचे आहेत.

पाऊलखुणा

मेघना, +१. रिव्हर्सचा एक धागा भारतातही येतो. मेरला बसवलेली वंशावळ घ्यायची पद्धत घेऊन ते १९०१-०२ मध्ये निलगिरीला तोडा लोकांकडे गेले आणि १९०६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. मग १९०८ मध्ये परत मेलनेशियात, सॉलोमनला.

आणि रंगवलेल्या पडद्याचं म्हणाल तर मुंबईनं ते मेलनेशियाच्या आधी बघितलंय. विल्यम जॉन्सननं १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या ‘जाती आणि जमाती’ असे दोन खंड काढले. माणसांचे फोटो स्टुडिओत काढायचे, कापून वेगळ्या देखाव्यावर चिकटवायचे आणि खाली नावाऐवजी जात लिहायची. आपल्याच खापरपणजोबांच्या पिढीतली माणसं. ती पानं बघितली, की सागरगोटा काय म्हणतायत ते आतून कळतं.

पण फोटोपेक्षाही वाईट गोष्ट १९३१ ची. पॅरिसच्या वसाहत प्रदर्शनाच्या वेळी न्यू कॅलेडोनियातून शंभरावर कनाक (तिथले मूळ रहिवासी) माणसं आणली. पॅरिस दाखवतो म्हणून. बुलोन्यच्या जंगलातल्या प्राणी-उद्यानात त्यांना ‘नरभक्षक’ म्हणून लोकांसमोर नाचायला लावलं. त्यांत मिशनच्या शाळेत शिकलेले, फ्रेंच बोलणारे होते. काहींना पुढे जर्मनीत फिरवलं. या माणसांत एक होते फुटबॉलपटू क्रिस्तियान करांब्यूचे पणजोबा. १९९८ चा विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या संघातला हा खेळाडू सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणत नसे. का, ते आता सांगायला नको.

शंतनू, ‘नरभक्षक’ हा शब्द कसा वापरला जायचा याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

शंतनू_७२

वाचलं. १९३१ चं माहीत नव्हतं, सुन्न झालो. तरी माझं म्हणणं राहतंच, की ओळ झाकून ठेवू नये. ती मूळ ओळ तिथेच असू द्यावी, खाली दुसरी लिहावी. पुढच्या पिढीला कळलं पाहिजे, की कुणी काय लिहिलं होतं.

अनघा_देव

बायकांबद्दल एक. न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या ट्रोब्रियांड बेटांवर मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की १९१५ ते १९१८ मध्ये राहिले, १९२२ च्या पुस्तकातून पुरुषांची कुला सफर आणि शंखांची देवघेव जगाला माहीत झाली. पुढे अ‍ॅनेट वायनर तिथे गेल्या. मयताच्या विधीत बायका केळीच्या पानांच्या जुड्या आणि घागऱ्यांचं प्रचंड वाटप करतात आणि त्यावर अख्ख्या कुळाची पत ठरते, हे त्यांनी १९७६ मध्ये मांडलं. इतका मोठा व्यवहार डोळ्यांदेखत होत असून मालिनोव्स्कींनी त्याला महत्त्व दिलं नव्हतं. फोटोत बायका आहेत, पण त्या काय करतायत हे कुणी विचारलं नाही.

थर्डमॅन

ट्रोब्रियांडचा विषय निघालाच आहे तर : १९०३ च्या सुमारास मिशनरी विल्यम गिलमर यांनी तिथे क्रिकेट नेलं, भांडणं थांबावीत म्हणून. लोकांनी खेळ पार आपला करून टाकला. संघात कितीही माणसं, फक्त दोन्हीकडे सारखी. चेंडू भालाफेकीच्या ढंगात टाकायचा, गडी बाद झाला की अख्ख्या संघाचा नाच, जिंकणार यजमान आणि शेवटी जेवण. १९७० च्या दशकात यावर माहितीपट निघाला. जरूर बघा, बेटावरचे लोक त्यात स्वतः बोलतात.

माणदेशी_मास्तर

फार मोलाचा धागा. १४ जानेवारीला भूगोल दिनानिमित्त शाळेत पॅसिफिकवर भित्तिपत्रक करायचंय. सातवी-आठवीची मुलं आहेत. ताई, कोणती चित्रं लावू?

सागरगोटा

मास्तर, तीन सुचवते.

लाकातोईचं एक, वाऱ्यांच्या नकाशासह. मुलांना मान्सून शिकवताच आहात, हिरी सफर त्यात चपखल बसेल. दुसरं कुकच्या चरांचं, आणि त्याशेजारी ऊसकरीदादा म्हणतात तो उसाचा प्रवास. माणदेशातल्या मुलांना पाण्याचं आणि उसाचं नातं वेगळं सांगायला नको.

तिसरं मिक्लुखो-माक्लायचं रेखाचित्र. हा रशियन अभ्यासक सप्टेंबर १८७१ मध्ये न्यू गिनीच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरला आणि बोंगू गावाजवळ झोपडी बांधून वर्षाहून जास्त राहिला. माणसांच्या उतरंडीची कल्पना त्याला मान्य नव्हती आणि पुढे या किनाऱ्यावर कुणी ताबा सांगू नये म्हणून त्यानं ब्रिटिश आणि जर्मन सत्ताधाऱ्यांना पत्रं लिहिली. त्याच्याशी पहिली मैत्री केली ती गोरेंदू गावच्या तुईनं. झाड अंगावर पडून तुईला जखम झाली तेव्हा माक्लायनं त्याची शुश्रूषा केली. माक्लायनं त्याचं चित्र काढलंय आणि नावानिशी त्याच्याबद्दल लिहिलंय.

शंतनूंची सूचनाही घ्या, ती मला पटली. लिंटचा एखादा फोटो मूळ इंग्रजी ओळीसकट लावा, खाली कोरी पट्टी ठेवा आणि मुलांनाच त्यात नवी ओळ लिहू द्या. काय लिहितात ते इथे नक्की टाका. १९३१ चा फोटो मात्र भिंतीवर नको. तो वर्गात, तुम्ही समोर बसून सांगायचा आहे.